खुणेची बाजू वर

१ डिसेंबर

नवी वही सुरू करतो आहे, तेव्हा पहिल्याच पानावर नोंद करून ठेवतो. मी आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: तीन इंची भिंगाची दुर्बीण (भिंग विकतचं, म्हणून अर्धीच धरावी). सहा इंची आरशाची दुर्बीण, आरशासकट. आठ इंची, आरशासकट. आरसा तपासायचं यंत्र: पत्र्याचा डबा, आत बल्ब, डब्याला सुईने पाडलेलं भोक आणि सरकत्या ठोकळ्यावर दाढीचं ब्लेड. जेवायचं टेबल, जे डुगडुगत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी. हिच्या शिवणाच्या खोलीत इस्त्री टेकवायला लोखंडी फळी. तिचे दोन बोल्ट मी भिंतीच्या आरपार नेले आहेत आणि पलीकडे, पॅसेजमध्ये, त्याच बोल्टांवर आरसा ठेवायचा स्टँड कसला आहे. दोन भोकांत दोन कामं. फळी आणि स्टँड दोन्ही लेव्हलमध्ये.

ही चहा ठेवायला आली आणि मागे उभी राहून वाचायला लागली. "यादीत पोरगी नाही दिसली," म्हणाली. "ती एकट्याच्या हातची नाही म्हणून गाळली का?"

मी वही मिटली. ती गेल्यावर पुन्हा उघडली.

वही काढायचं कारण काल संध्याकाळची सभा. आमच्या आकाशदर्शन मंडळाला फायर स्टेशनची गच्ची कायमची मिळाली आहे. तिथे बारा इंची दुर्बीण बसवायची, कुणीही यावं आणि बघावं अशी. अध्यक्ष, म्हणजे डेंटिस्ट, कारखान्याचं दरपत्रक खिशात घेऊनच आले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आरसा मी करतो, मंडळाने फक्त काच आणून द्यावी.

डेंटिस्ट म्हणाले, "शॉर्टसाहेब, आठ इंची वेगळा. बारा इंची म्हणजे मोठं काम आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "सव्वादोन पट काच घासायची."

शॉर्ट हे माझं मंडळातलं नाव. मी सहा फूट एक इंच आहे, त्यामुळे नवीन आलेला प्रत्येक जण एकदा हसून घेतो. नाव पडलं ते मी जेम्स शॉर्टबद्दल फार बोलतो म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वीचा खगोलशास्त्रज्ञ, लहानपणीच पोरका झालेला. धातूचे आरसे असे घासायचा की त्या काळात त्याला तोड नव्हती. आपली रीत त्याने कुणाला सांगितली नाही. जाण्याआधी हत्यारंसुद्धा मोडून टाकायला लावली म्हणतात. मला हे पूर्ण पटतं. ज्याने केलं, त्याचं.

तारीख पक्की आहे. १७ फेब्रुवारीला सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात चंद्र शनीला झाकणार. डेंटिस्टना त्या दिवशी सगळ्या शहराला गच्चीवर बोलवायचं आहे. कारखान्याला ऑर्डर द्यायची झाली तर २० जानेवारीपर्यंत द्यावी लागेल. म्हणून २० जानेवारीला मी हो किंवा नाही सांगायचं. मी आजच हो सांगू शकलो असतो.

११ डिसेंबर

काच आली. मेहुण्याने त्याच्या टेम्पोतून आणली, गादीत गुंडाळून. दोन चकत्या: एक आरसा होणार, दुसरी तिला घासायला.

सगळी रीत इथे लिहीत नाही, वही कुणाच्याही हाती पडू शकते. एवढंच लिहितो: दगड भरलेलं पिंप, त्यावर एक चकती घट्ट बसवलेली, दुसरी तिच्यावर, मध्ये ओली पूड. वरची मागेपुढे घासायची, मध्येच हातात थोडी फिरवायची, आणि आपण पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत राहायचं. म्हणजे घासणं सगळ्या बाजूंनी सारखं होतं. वरची काच आपोआप खोलगट होत जाते. दिवसभर लिफ्टच्या दुरुस्त्या आणि संध्याकाळी हे.

मेहुणा चहा पीत बघत होता. "भाऊजी, तुम्ही लिफ्टवाले. वर-खाली सोडून गोल गोल कधीपासून?"

"लिफ्टची चाकंही गोलच फिरतात," मी म्हटलं.

"ती मोटरवर फिरतात. तुम्ही चहावर."

हिला टेकडीवरच्या हॉटेलची ऑर्डर मिळाली आहे. वेटर, दरवान, सगळ्यांचे जाड लोकरी कोट, ५ फेब्रुवारीला द्यायचे. भिंतीच्या पलीकडे तिचं मशीन, अलीकडे माझं पिंप. मेहुणा म्हणाला, "तुमच्या घरात पाहुण्याने बसायचं कुठे, ते एकदा बोर्डावर लिहून लावा."

२ जानेवारी

बारीक घासणं संपलं. मध्ये एक ओरखडा उमटला होता आणि तो कुठून आला ते मला कळेना. हिने बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवली, तळाची पूड चिमटीत चोळून पाहिली आणि म्हणाली, यात जाडे कण आहेत, ही आधीच्या पुडीची बादली आहे. बादली बदलली. पॉलिशसाठी राळ वितळवली, तीही माझ्या गाळणीतून कचऱ्यासकट उतरत होती म्हणून तिच्या अस्तराच्या कापडातून गाळून घेतली. ही वरवरची कामं झाली. खरं पॉलिश आज सुरू केलं. राळेच्या गादीवर काच अशी सरकते की थांबवावीशी वाटत नाही.

७ जानेवारी

पहिली चाचणी.

पॅसेजच्या टोकाला स्टँडवर आरसा, त्याच्यापासून बारा फुटांवर मी आणि माझा डबा. डब्याच्या भोकातून निघालेला उजेड आरशावर जाऊन परत येतो. परत येणाऱ्या उजेडात ब्लेड हळूच सरकवायचं आणि ब्लेडमागे डोळा लावायचा. मग आरशाच्या तोंडावर सावल्या दिसतात. केसाच्या जाडीपुढे काहीच नसलेली चूकसुद्धा टेकाडासारखी उठून दिसते. बोटाला जे कधीच कळणार नाही ते डोळ्याला कळतं. मला यापेक्षा सुंदर यंत्र माहीत नाही आणि ते मी केलेलं आहे.

मी आरशाच्या कडेला हिऱ्याच्या पेन्सिलीने एक खूण केली आहे. स्टँडवर ठेवताना खुणेची बाजू नेहमी वर. दर वेळी, न चुकता. लोक आरसा कसाही ठेवतात आणि मग कालची चूक आजच्या चुकीशी ताडून बघता येत नाही. शिस्त ही यातली निम्मी विद्या आहे.

निकाल: आरसा उत्तम, फक्त खाली डावीकडे एक पसरट उंचवटा. बराच वेळ बघत बसलो. पलीकडे कोटांवर इस्त्री चालली होती, वाफेची फुसफुस ऐकू येत होती, मध्येच हिचं गुणगुणणं.

एक गोष्ट समजत नाही. घासताना मीही फिरतो, काचही फिरते. चूक झालीच तर ती कड्यासारखी गोल व्हायला हवी. एकाच बाजूला फुगवटा येईलच कसा?

१० जानेवारी

अंगठ्याएवढी राळेची गादी करून तेवढाच उंचवटा पॉलिश केला. संध्याकाळी चाचणी. उंचवटा जागच्या जागी. ही म्हणाली जेवायला चला, आज वीस कोट इस्त्री करून झाले, खांदा गेला. मी म्हटलं, पाच मिनिटं. तासाने गेलो.

पुन्हा तीच जागा पॉलिश केली.

१३ जानेवारी

ही सकाळपासून भावाकडे गेली आहे, वहिनीला बरं नाही म्हणून. घर शांत. अशा शांततेत चाचणी करावी म्हणून सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बसलो.

उंचवटा नाही. त्या जागी खड्डा.

तीन दिवसांपूर्वी टेकाड, आज खळगा. माझा हात जास्त पडला, दुसरं काय. दुपारभर खड्ड्याच्या आजूबाजूची काच थोडी थोडी उतरवत बसलो, म्हणजे सगळं एका पातळीला येईल. जेवायचं राहून गेलं.

१६ जानेवारी

उंचवटा परत आला आहे. काल चाचणी केली, होता. आज केली, आहे. पलीकडे दरवानांच्या जाड कोटांवर सलग इस्त्री. इथे माझ्या कपाळावर सलग घाम.

काचच सदोष आहे, या निष्कर्षावर आलो. आत कुठेतरी ताण असणार, तो जागा होतो आणि झोपतो. डेंटिस्टना फोन केला आणि स्पष्ट विचारलं, काच कुठून आणली, स्वस्तातली आहे का.

"शॉर्टसाहेब," ते म्हणाले, "मी रोज लोकांच्या तोंडात बघतो. प्रत्येक जण म्हणतो दुखणारा दात तोच नाही, शेजारचा आहे."

"म्हणजे काय?"

"काही नाही. वीस तारखेला भेटू."

मला हा माणूस आवडतो, पण त्याला आडून बोलायची खोड आहे.

२० जानेवारी

सभा. कारखान्याचं दरपत्रक टेबलावर, शेजारी पेन. डेंटिस्टनी विचारलं, "हो की नाही?"

पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. खरं उत्तर असं होतं की मला माहीत नाही. रोज टेकाड दिसतं, एक दिवस खड्डा दिसला, आणि का ते मला सांगता येत नाही. मी म्हणालो, "हो."

डेंटिस्टनी दरपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. आता कारखान्याचा आरसा वेळेत येऊ शकत नाही. १७ तारखेला गच्चीवर माझा आरसा असेल, नाहीतर एक रिकामी नळी आणि तिच्याभोवती जमलेलं शहर.

ही बाहेर उभी होती, परत जाताना भाजी घ्यायची म्हणून. तिने माझा चेहरा बघितला. भाजीची पिशवी मला धरायला दिली नाही, स्वतःच धरली. ती असं का करते ते मला कधी समजलेलं नाही.

२६ जानेवारी

भांडण झालं. मी म्हटलं, चाचणीच्या वेळी तरी मशीन बंद ठेव, हादरे बसतात. ती म्हणाली, "काल बंद ठेवलं होतं. फक्त इस्त्री केली. गेला का तुमचा डोंगर?"

गेला नव्हता. काल तर जास्तच होता.

"मी घरात नव्हते त्या दिवशी नव्हता ना?" ती म्हणाली. "मग तुमचा डोंगर म्हणजे मीच. मी नसले की नसतो."

टोमणा मारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. वहीत लिहायची ही गोष्ट नाही, पण लिहिली.

लिफ्टच्या कामावरही लक्ष लागत नाही. आज दुरुस्तीनंतर लिफ्ट चालवून बघताना एका बाईंना तिसऱ्याऐवजी पाचव्या मजल्यावर पोचवलं. त्या म्हणाल्या, "राहू दे, उतरायला सोपं जातं."

३० जानेवारी

हे सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून हात धुऊन बसलो.

संध्याकाळी मी चाचणीला बसलो होतो. ही दरवानाचा कोट घेऊन आली. हॉटेलचा दरवान माझ्याच उंचीचा आहे, त्यामुळे त्याचा कोट माझ्या अंगावर चढवून बाह्यांना टाचण्या लावायच्या होत्या. उठायचं नव्हतं म्हणून बसल्या बसल्याच घातला. सोनेरी बटणं, खांद्यावर झालर. तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली, "दाखवा तरी एकदा कुठे आहे तुमचा डोंगर."

"खाली डावीकडे. तुला असा दिसायचा नाही."

ती पॅसेजच्या टोकाला गेली आणि आरशाच्या वरच्या उजव्या बाजूला अंगठा टेकवून म्हणाली, "इथे?"

मी ओरडलो. पॉलिश केलेल्या काचेला हात लावायचा नसतो हे घरातल्या पालीलासुद्धा माहीत आहे. तिने अंगठा काढला नाही, मुद्दाम, कारण मी ओरडलो. मग काढला आणि म्हणाली, "बघा, गेला का तुमचा आरसा मोडून."

डाग किती पडला ते बघायला मी ब्लेडमागे डोळा लावला. तिने अंगठा ठेवला होता तिथे एक टेकाड उभं होतं. पसरट, मऊ कडांचं, माझ्या टेकाडाचं सख्खं भावंड. मी बघत असताना ते हळूहळू बसत गेलं आणि थोड्या वेळाने नाहीसं झालं. अंगठ्याच्या उबेने काच तिथे फुगली होती.

दुसरं टेकाड, खाली डावीकडचं, बसलं नाही.

मी उठलो. टाचण्यांसकट. स्टँडवर तळहात ठेवला. उजवीकडे गार. डावीकडे कोमट. डावा बोल्ट चक्क गरम. भिंतीला वळसा घालून तिच्या खोलीत गेलो. ती उजव्या हाताची आहे, म्हणून इस्त्री फळीच्या उजव्या टोकाला टेकवते. पलीकडून तेच डावं टोक. माझी फळी, माझे बोल्ट, भिंतीच्या आरपार, आणि त्यांच्या दुसऱ्या टोकावर माझा आरसा. इस्त्रीची ऊब त्यांच्यातून थेट काचेच्या पाठीत जात होती.

तरी खात्री हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा खुणेची बाजू खाली करून आरसा ठेवला. चूक काचेची असती तर काचेबरोबर फिरून वर उजवीकडे गेली असती. टेकाड हललं नाही. खालीच, डावीकडेच. वर उजवीकडे मात्र खड्डा दिसायला लागला. तो खरा होता. तो मी खणला होता, तीन आठवडे, जिथे काहीच नव्हतं तिथलं काहीतरी काढून टाकायला.

आरसा एकदा जरी उलटा ठेवला असता तरी सात तारखेलाच कळलं असतं. पण खुणेची बाजू नेहमी वर. दर वेळी, न चुकता.

मी दरवानाच्या कोटात जमिनीवर बसलो. ती शेजारी येऊन उभी राहिली. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, कारण त्या ठेवून हसता येत नाही.

"म्हणजे मी नसले की नसतो, हे खरंच होतं," म्हणाली.

"तू ते शास्त्र म्हणून म्हटलं नव्हतंस."

"नाही. रागाने म्हटलं होतं. पण बरोबर निघालं ना?"

३१ जानेवारी

मनाची स्थिती: वाईट, पण पाय जमिनीवर आहेत. पहिल्या चाचणीच्या दिवशी आरसा जवळपास झालेला होता. तो मी बिघडवला. दिवस थोडे उरलेत. खड्डा भरता येत नाही, बाकीची सगळी काच त्याच्या पातळीला आणावी लागते. होईल की नाही माहीत नाही. हे डेंटिस्टना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "शेजारचा दात?"

"हो," मी म्हटलं.

"मग आता दुखणं कमी होईल," ते म्हणाले, आणि आरशाबद्दल पुढे काही विचारलं नाही.

मी फळी काढायला पाना घेऊन गेलो तर ही दारात आडवी. "कोट पाच तारखेला द्यायचेत. माझी फळी हलणार नाही. तुमचा आरसा हलवा."

आरसा पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला हलवला. चाचणी आता सकाळी, इस्त्री तापायच्या आधी, आणि दर वेळी आरसा पाव फेरा फिरवून. पाव फेऱ्याचं तिने सुचवलं. कापडातला दोष धाग्याचा आहे की उजेडाचा, हे बघायला ती कापड फिरवून बघते म्हणे. वीस वर्षं बघते. मला कधी बोलली नाही. मी कधी विचारलं नाही, असं तिचं म्हणणं.

९ फेब्रुवारी

कोट वेळेवर गेले. त्यानंतर चार दिवस पिंपाभोवती आम्ही आळीपाळीने फिरलो, कारण माझा खांदा धरला आहे. नोंद करतो की तिचा हात माझ्यापेक्षा हलका आणि एकसारखा चालतो. मशीनखाली कापड सरकवायची सवय असेल. मी दाबतो, ती नुसती नेते. तिने पॉलिश केलं की सावल्या जास्त मऊ दिसतात. दोनदा पडताळून पाहिलं.

आज सकाळी आरसा चारही बाजूंनी फिरवून तपासला. चारही वेळा तेच चित्र: मध्यापासून कडेपर्यंत सावली कुठेही न अडखळता उतरते. खड्डा नाही, टेकाड नाही. आठ इंचीपेक्षा चांगला. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही आरशापेक्षा चांगला.

मी तिला ब्लेडमागे बसवलं. तिने एक डोळा मिटला आणि ब्लेड स्वतःच सरकवून बघितलं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "इस्त्री केल्यासारखं."

१२ फेब्रुवारी

काचेवर चांदी चढवली, स्वयंपाकघरात, मोठ्या परातीत. द्रावण ओतलं की आधी सगळं काळं पडतं आणि वाटतं, गेलं. मग त्या काळ्यातून एकदम आरसा वर येतो. दोघांचीही बोटं काळी झाली आहेत, आठवडाभर निघणार नाहीत. मेहुणा बघून म्हणाला, "ताई, तू पण का या नादात?"

"मी नादात नाही," ती म्हणाली. "मी पॉलिशात."

शॉर्टबद्दल मी सापडेल ते सगळं वाचलं आहे. त्याची राळ कोण गाळून देत असेल, हे कुठे वाचल्याचं आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

आकाश दुपारी चारपर्यंत ढगाळ. पाच वाजता फाटलं. साडेपाचला स्वच्छ.

फायर स्टेशनच्या जिन्यावर खालपासून रांग. रस्त्यावरही रांग. डेंटिस्टनी छातीवर बिल्ला लावला होता. टेकडीवरच्या हॉटेलचे मालक आले होते, त्यांचे दोन वेटर हिने शिवलेल्या कोटांत, ट्रेमध्ये पाणी घेऊन. मी आधीच सांगून ठेवलं होतं की रांग म्हणजे रांग, मंडळाच्या लोकांना आणि घरच्या माणसांना वेगळी रांग नाही. ही त्यामुळे जिन्यात उभी, मागेपुढे अनोळखी माणसं.

सूर्य गेला. चंद्र वर होता, अर्ध्याला थोडा कमी. त्याच्या काळ्या बाजूपासून थोड्या अंतरावर शनी, नुसत्या डोळ्यांना एक ठिपका. दुर्बीण त्याच्यावर लावली आणि आधी मी बघितलं, कारण नीट दिसतं की नाही ते बघणं हे माझं काम आहे.

ते कसं दिसलं ते लिहितो. कडं ग्रहापासून सुटं. कड्याच्या मधली काळी फट दोन्ही टोकांना, सुईने ओढल्यासारखी. ग्रहावर कड्याची सावली. काहीही थरथरत नव्हतं. मी आयुष्यभर चित्रांत पाहिलेलं ते चित्र मंद उजेडात तिथे लटकत होतं, आणि ते माझ्या घरातल्या पॅसेजमधून आलं होतं.

मग लोक बघायला लागले. आमच्या दुर्बिणीला मोटर नाही. आकाश सरकतं तशी नळी हाताने केसभर ढकलत राहावी लागते, म्हणून मी बाजूला बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून ढकलत होतो. एका म्हातारबुवांनी नळीच्या तोंडाशी जाऊन आत चित्र चिकटवलंय का ते तपासलं. परत येऊन पुन्हा बघितलं आणि माझ्याशी हात मिळवला. बोटांच्या काळेपणाकडे बघून म्हणाले, "काम केलेलं दिसतंय."

झाकायची वेळ जवळ आली तसे डेंटिस्ट हॉटेलमालकांना घेऊन पुढे आले. "शॉर्टसाहेब, तो क्षण प्रमुख पाहुण्यांना द्या."

"रांगेत कोण आहे?" मी विचारलं.

रांगेत ही होती. आपल्या पायांनी जिना चढून, आपल्या नंबरावर.

"मग तीच बघणार," मी म्हटलं. डेंटिस्टनी पाहुण्यांकडे बघून हात पसरले. मालक हसले, पण मागे सरकले.

ती वाकली. मी नळी ढकलत राहिलो, त्यामुळे मला छोट्या दुर्बिणीतल्या ठिपक्यापलीकडे काही दिसलं नाही. मला फक्त ऐकू आलं. तिचा आवाज, पोरगी लहान असताना शिवता शिवता तिच्याशी बोलायची तसा.

"कडेला आला... कड्याचं टोक शिरलं. काळ्यात शिरलं, पण काळं दिसतच नाही, नुसतं टोक नाहीसं होतंय. अर्धं कडं गेलं... आता ग्रह चाललाय. काजात बटण सरकवतात ना, तसं. सावकाश. पाऊण गेलं. आता फक्त कड्याचं दुसरं टोक... टाचणीएवढं..." मग थांबली. "गेलं. बटण लागलं."

जिन्यापर्यंत लोक टाळ्या वाजवायला लागले. शनीसाठी, तिच्यासाठी की आरशासाठी, ते ठरवता येणार नाही.

तासाभराने शनी चंद्राच्या उजळ बाजूने बाहेर आला. तेव्हा गर्दी कमी झाली होती आणि माझा नंबर आला. ढकलायला ती उभी राहिली.

२१ फेब्रुवारी

हॉटेलमालक घरी आले. ही त्यांना बसायला जागा करायला कापडांचे गठ्ठे हलवत होती. त्यांनी टेबल हलवून पाहिलं. डुगडुगलं नाही. मग म्हणाले, त्यांना हॉटेलच्या गच्चीवर अशीच दुर्बीण हवी आहे. आरसा मी करायचा. खाली पितळी पाटी लावायची आणि पाटीवरचा मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता. त्यांनी वाचून दाखवला. मला आवडला. गंमत अशी की पहिल्या पानावर मीच साधारण तसं लिहिलं आहे.

मी म्हटलं, "काम घेतो. मजकूर बदलावा लागेल. तपशील चुकतोय."

"कुठे?"

"दोन माणसं होती."

ते हसले. "साहेब, पाहुण्यांना एका माणसाची गोष्ट लागते. लिफ्टवाला, एकटा, घरच्या पॅसेजमध्ये. त्यात टेलरिंग आलं की गोष्ट राहत नाही."

ही आतून म्हणाली, "अहो, लिहू दे त्यांना काय लिहायचंय ते. मी काय केलंय? एक अंगठा तर ठेवला."

"बादली," मी म्हटलं. "राळ. पाव फेरा. शेवटचं पॉलिश, त्यातलं निम्म्याहून जास्त. अंगठा वेगळा."

ती दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मालकांनी आकडा सांगितला. तिने दाराची चौकट धरली. मी पाटीबद्दल पुन्हा एकदा विचारलं. ते म्हणाले, पाटी तशीच राहणार, तीच तर विकत घेतोय. मग मी नाही म्हणालो. माणूस चांगला आहे. जाताना त्यांना लिफ्टने खालपर्यंत पोचवलं.

वर आलो तर ही म्हणाली, "तुमच्या डोक्यात कुठला बोल्ट ढिला आहे ते एकदा उघडून बघायला हवं." मग जरा वेळाने, मशीनवर बसल्यावर, गुणगुणायला लागली.

नाकारलेला प्रस्ताव, नोंदीसाठी: बारा इंची दुर्बीण एक, आरशासकट, वर्षाच्या आत, पाटीवरचा मजकूर 'एका माणसाने, एकट्याने, स्वतःच्या हातांनी'. साडेचार लाख, निम्मे आगाऊ.